रिलेंट : अर्थ आणि वाक्यात उपयोग

समोरच्या भिंतीवर दुसरा फळा लागला त्या सकाळी सलाउद्दीन सरांनी चहात साखर नाही म्हणून बायकोशी भांडण काढलं. साखर होती. अकिलाबींनी चमचाभर जास्तच घातली होती, कारण सर दारात चपला काढत होते तेव्हाच त्यांचा चेहरा बघून आज काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं होतं.

"चायमा साखर शे," त्या म्हणाल्या. "कडू ते तुमनं तोंड व्हयेल शे. काय व्हयनं?"

"काही नाही."

"मंग नाक कसाले फुगनं?"

सर घरीसुद्धा पुस्तकातलं मराठी बोलायचे. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाची ती खोडच असते. पण राग आला की मात्र थेट अहिराणीवर उतरायचे, आणि आता ते उतरले. "त्या हेम्यानी त्याना भिंतवर फळा लावा! वहूकरता! रंगीत खडू, अकिला! गुलाबी!"

आता एवढं काय त्यात, असं तुम्हाला वाटेल. तर थोडं मागचं सांगायला हवं. शहाद्याच्या एसटी स्टँडच्या फाटकाला लागून अझरुद्दीनचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. अझरुद्दीन सरांचा चुलतभाऊ. सर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा ठोकला. वर 'आजचा इंग्रजी शब्द', त्याखाली 'अर्थ', त्याखाली 'वाक्यात उपयोग'. सगळं पांढऱ्या खडूने, मोत्यासारख्या अक्षरात. त्याला अकरा वर्षं झाली. एक दिवस खाडा नाही. ईदच्या सकाळीसुद्धा आधी शब्द, मग नमाज. गाडीची वाट बघणारी माणसं तो वाचायची, कॉलेजची मुलं वहीत उतरवून घ्यायची, कंडक्टर लोक तर दिवसभर तो शब्द गाडीत वापरून प्रवाशांना बेजार करायचे.

सरांची वाक्यं मात्र सगळी जुन्या व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखी. राजाने शत्रूला क्षमा केली. राजाने प्रधानाला बोलावलं. राजा आजारी पडला. अकरा वर्षांत त्या राजाने इतकं काही केलं की शहाद्यात नगराध्यक्षापेक्षा त्याचीच माहिती लोकांना जास्त होती.

आणि आता रस्त्याच्या पलीकडे भूमिकाचा फळा. भूमिका ही हेमराज पाटलांची सून, इंग्रजीत एम.ए. झालेली. तिने पहिल्याच दिवशी 'पंक्चुअल' हा शब्द घेतला, बाजूला गुलाबी घड्याळ काढलं आणि खाली लिहिलं, 'भिकन ड्रायव्हर आज पंक्चुअल होता. उद्याचं उद्या बघू.' भिकन स्वतः त्या फळ्याशेजारी उभा राहून फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी अख्खा स्टँड रस्ता ओलांडून पलीकडे, आज कोणाचं नाव आहे ते बघायला. सरांच्या फळ्यासमोर एक शेळी तेवढी उभी होती, आणि तीसुद्धा गादीवाल्याचा कापूस हुंगत होती.

सरांना जास्त झोंबलं ते वेगळंच. ही भूमिका त्यांचीच विद्यार्थिनी. तिचं ते वळणदार अक्षर त्यांनीच तिच्याकडून गिरवून घेतलेलं. म्हणजे ज्या कंगव्याचे दात आपणच घासून दिले तोच आता आपला भांग मोडत होता, आणि तक्रार करायची तर कोणाकडे?

हेमराजकडे केली. हेमराज पाटील म्हणजे सरांचा पहिलीपासूनचा वर्गमित्र. तापीकाठच्या गावात केळीचे मळे, आणि स्टँडसमोर बी-बियाण्याचं दुकान. दोघं आजोबा झाले तरी एकमेकांना सल्या आणि हेम्याच म्हणायचे. रोज दहाला एक कटिंग दोघांत. फळ्याची कुणकुण लागली तेव्हा सरांनी त्याला विचारलं होतं, आणि तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "मन्ही भिंत शे. तठे फळा लागाव नही. जबान दिनी तुले."

"जबान दिनी व्हती ना तू?" सर कडाडले.

"काय करू भो?" हेमराज डोकं खाजवत म्हणाला. "वहू बोलनी, 'पप्पा, इतलीशी जागा द्या.' मन्हा तोंडमातून व्हय निंघी गयं."

"त्या करणसिंगले सहा वरीस व्हयनात नही म्हनी ऱ्हायना. आनि वहूले एक मिन्टमा व्हय?"

"करणसिंग मन्ही वहू शे का?" हेमराज म्हणाला, आणि चहा न पिताच दुकानात शिरला.

हे करणसिंगचं प्रकरण अख्ख्या तालुक्याला पाठ होतं. करणसिंग गिरासे आणि हेमराज शेताचे शेजारी. करणसिंगच्या शेतात जायची जुनी वाट हेमराजच्या केळीतून. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत करणसिंग सहज बोलून गेला, "हेमराजनी केळी म्हंजे मन्ही करंगळी." पंगत हसली. दुसऱ्या दिवशी वाटेवर काटेरी तार. पंच झाले, तलाठी झाले, सरपंच पाया पडून झाला, हेमराज हलला नाही. करणसिंग तेव्हापासून तीन किलोमीटरचा वळसा घालून शेतात जात होता.

तेवढ्यात आणखी एक भानगड उभी राहिली. स्टँडवर प्रवाशांसाठी नवी शेड झाली होती. वाहतूक नियंत्रक निर्मलाबाई, म्हणजे माइकवर गाड्या पुकारणाऱ्या बाई, त्यांनी ठरवलं की शेडच्या भिंतीत मोठा पक्का फळा बसवायचा, वर दिवा, आणि रोज इंग्रजी शब्द. फळा एकच. "कोणाला द्यायचा ते पंधरा दिवस बघते आणि त्यानंतरच्या सोमवारी सांगते," त्या दोघांनाही म्हणाल्या. सरांना खरं तर विचारायचीच गरज काय होती? अकरा वर्षं! पण खुद्द निर्मलाबाईंना समोरच्या फळ्याचा फोटो मोबाईलवर काढून ठेवताना त्यांनी पाहिलं आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

सर जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी अझरुद्दीनच्या गादीवर बसून ते पलीकडची माणसं मोजायचे. तिच्या फळ्यावर काय आहे ते जवळून वाचता यावं म्हणून ते हेमराजच्या दुकानात काहीतरी घ्यायच्या निमित्ताने जायचे. अकिलाबींना एके दिवशी त्यांच्या खिशात भेंडीच्या बियांची चार पाकिटं सापडली.

"हाई कोठे पेरशात? पलंगखाले?"

"लागतात," सर म्हणाले.

"माले ते वाटस तुमनं पोटमा काय तरी पेरायेल शे, आनि त्याले कोंब फुटी ऱ्हायनात."

एक दिवस त्यांनी गुपचूप पिवळा खडू वापरून पाहिला. शब्द पिवळा दिसला, कावीळ झाल्यासारखा. त्यांनी तो पुसून पुन्हा पांढरा लिहिला आणि आजूबाजूला कोणी बघितलं नाही ना ते पाहून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक खडूसाठी जातच नाहीत. लोक नावासाठी जातात. राजा कोणाच्या ओळखीचा नाही, भिकन सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आणि ओळखीची माणसं काय आपल्याकडे नाहीत?

शुक्रवारी संध्याकाळी ते अकिलाबींसमोर बसले. उद्याचा शब्द आदल्या संध्याकाळी बायकोला समजावून सांगायचा, तिला कळला की शहाद्याला कळणार, ही त्यांची अकरा वर्षांची पद्धत. सातवी शिकलेल्या अकिलाबींना त्यामुळे चार हजार इंग्रजी शब्द येत होते, फक्त वापरायला माणूस मिळत नव्हतं.

"उद्याचा शब्द रिलेंट. नमतं घेणे, हट्ट सोडणे. पण नीट ऐक. रिलेंट म्हणजे हरणं नाही. हरलेल्या माणसाला पर्याय नसतो. रिलेंट करणारा आधी ताठून बसलेला असतो, त्याला कोणी हलवू शकत नाही, आणि तरी तो स्वतःहून सोडतो. जो आधी अडून बसला नाही त्याला हे क्रियापद लावायचंच नाही. चूक होते."

"समजनं," अकिलाबी भाजी निवडत म्हणाल्या. "मंग राजानी काय सोडं?"

"उद्या राजा नाही."

"मंग कोन?"

"उद्या बघशील," सर म्हणाले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. अकिलाबींना ते हसू काही बरं वाटलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता सरांनी फळा लिहिला. शब्द, अर्थ, आणि वाक्यात उपयोग. 'हेमराज अ‍ॅट लास्ट रिलेंटेड अँड ओपन्ड द पाथ.' खाली मराठीत, 'अखेर हेमराजने नमतं घेतलं आणि केळीतली वाट खुली केली.' लिहून झाल्यावर ते दोन पावलं मागे सरकले. बघू दे लेकाला. सुनेपुढे मिनिटात वाकतो आणि सहा वर्षं शेजाऱ्यापुढे ताठ! वाचेल आणि तोंड लपवेल, अशी त्यांची कल्पना होती.

हेमराजला वाचायला मिळालंच नाही, कारण तो पहाटेच्या गाडीने फवारणीचे पंप पोचवायला अक्कलकुव्याला गेला होता. वाचलं ते बाकी सगळ्यांनी. पहिला थांबला तो थांबलाच, दुसऱ्याने त्याच्या खांद्यावरून वाचलं, आठ वाजेपर्यंत अझरुद्दीनला गिऱ्हाइकासाठी वाट करायला ओरडावं लागलं. सर गादीवरून उठून फळ्याशेजारी येऊन उभे राहिले. केवढी माणसं! पंधरा दिवसांचा उपास सुटला.

"सर, कव्हय व्हयनं हाई?" एकाने विचारलं.

"काय कधी?"

"हेमराजभाऊंनी वाट सोडी ते?"

"अहो, ते वाक्य आहे. वाक्यात उपयोग," सर म्हणाले.

"हां, वाक्यच वाचं ना आम्ही! कमाल व्हयनी!"

इथे लोकांचा दोष नाही. अकरा वर्षांत या फळ्यावर खऱ्या माणसाचं नाव आलं नव्हतं, आणि खोटं काही आलं नव्हतं. भूमिकाच्या फळ्यावर गंमत असते हे पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं होतं. पण सलाउद्दीन सर पांढऱ्या खडूने गंमत लिहितील? छे! त्यातून सर हेमराजचे दोस्त. आतली गोष्ट दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

भिकन ड्रायव्हर गर्दीत मान घालून वाचून आला. "मन्ही गाडी तठेच जाई ऱ्हायनी. करणबापूले मीच सांगस!" तो म्हणाला आणि पळत सुटला.

आता खरं म्हणजे "थांब, भिकन" एवढे दोन शब्द पुरले असते. सरांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांची नजर रस्त्यापलीकडे गेली. भूमिका तिच्या फळ्यापाशी एकटी उभी होती. तिने निळ्या खडूने मोर काढला होता आणि मोराकडे कुत्रं बघत नव्हतं. निर्मलाबाई पलीकडच्या नव्हे, अलीकडच्या फळ्याचा फोटो काढत होत्या. सरांनी तोंड मिटलं. भिकनने हॉर्न वाजवला, गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि बातमी तापीच्या दिशेने निघाली.

साडेअकराला अक्कलकुव्याची गाडी आली. हेमराजने पायरीवर पाय ठेवला आणि एका अनोळखी माणसाने त्याचा हात हातात घेतला. "लई चांगलं कयं भाऊ." दुसऱ्याने पाठ थोपटली. केळीवाल्या बाईने त्याला नमस्कार केला. हेमराज गोंधळला. पंप पोचवल्याचं एवढं कौतुक? तेवढ्यात कर्णा खरखरला आणि निर्मलाबाईंचा आवाज आला. "अक्कलकुव्याहून आलेली गाडी फलाट दोनवर उभी आहे. याच गाडीने आलेले हेमराज पाटील यांनी केळीतली वाट खुली केल्याबद्दल स्टँडवरील सर्वांतर्फे त्यांचं अभिनंदन. प्रवाशांनी सामान सांभाळावं."

हेमराज सरळ सरांच्या फळ्यापाशी आला. वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"सल्या, पूस ते! आत्तेच पूस!"

"हेम्या, वाक्य आहे. नुसता उपयोग दाखवला."

"उपयोग? मन्हा उपयोग कया तू! सहा वरीस मी तार राखी, आनि तू एक खडूमा काढी टाकी?"

सरांनी डस्टर उचललं. आता त्यांनाही कळलं होतं की हे मोराला हरवण्यावर थांबलेलं नाही. पण डस्टर फळ्याला टेकायच्या आत रस्त्यावर ट्रॅक्टर थडथडला. ट्रॉलीत दहा-बारा माणसं, एक ढोल, आणि मधोमध काटेरी तारेचं मोठं भेंडोळं. ट्रॅक्टर चालवत होता करणसिंग. गळ्यात घालायचा झेंडूचा हार त्याने स्टेअरिंगला अडकवला होता.

"हेमराजभाऊ!" त्याने चालत्या ट्रॅक्टरवरून हाक मारली. उतरला आणि हेमराजला मिठीच मारली. "भिकननी सांगं आनि मी रडनू. खरं सांगस, रडनू. तार मीच काढी लयनू, तुले तरास नको. सहा वरीसमा पहिलांदाव त्या वाटवरून उनू."

हेमराज मिठीत ताठ उभा. ओंडका तरी बरा.

"त्या दिन मी चुकनू," करणसिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुन्ही केळी करंगळीएवढी नही. आज देखी. मनगटएवढी शे." हेमराज अजूनही ताठच, म्हणून त्याने स्वतःच वाढवलं. "नही, नही. दंडएवढी!"

कंडक्टर, भजीवाला, कॉलेजची मुलं, सगळे हेमराजकडे बघत होते. पलीकडून भूमिकाही रस्ता ओलांडून आली होती. हेमराजने फळ्याकडे पाहिलं. करणसिंगच्या डोळ्यांकडे पाहिलं, ते खरोखर ओले होते. मग त्याने घसा साफ केला.

"हां," तो म्हणाला. "मीच सांगं सरले. बोलनू, लिखी टाक एकदाव."

ढोल वाजला. हार हेमराजच्या गळ्यात पडला. हाराआडून तो सरांच्या कानाशी पुटपुटला, "तुले मंग देखस."

आणि आता सरांचं बघा. माणसाला सुटल्यासारखं वाटावं की नाही? अब्रू वाचली, दोस्त वाचला, सहा वर्षांचं भांडण मिटलं. पण सर हाराकडे बघत होते. वाक्य कोणाचं? माझं. फळा कोणाचा? माझा. क्रियापद शोधलं कोणी? आणि हार हेम्याच्या गळ्यात! त्याने फक्त 'हां' म्हटलं! पंधरा दिवस सुनेवर जळत होते, आता सासऱ्यावर जळायला लागले.

निर्मलाबाईंनी मात्र त्यांची कदर केली. "सर, तुमच्या फळ्यावर लिहिलं की ते घडतंच. एवढं वजन दुसऱ्याच्या फळ्याला नाही. शेडमधला फळा तुम्हालाच. सोमवारी दहाला माइकवर सांगते." तेव्हा कुठे सरांच्या पोटात जरा गार पडलं.

संध्याकाळी भूमिका घरी आली. हातात त्याच मळ्यातल्या केळीची फणी. "सर, करणकाका आज सहा वर्षांनी आमच्याकडे जेवले. पप्पांनी स्वतः वाढलं. मी पंधरा दिवस मोर आणि घड्याळं काढत बसले, तुम्ही एका वाक्यात काम केलं. शेडमधला फळा तुमचाच, मला कळलंय."

"ठीक आहे, ठीक आहे," सर म्हणाले.

"नववीत तुम्ही माझ्या वहीवर लिहिलं होतं, आठवतं? 'एक दिवस तू माझ्या फळ्यावर लिहिशील.' मला वाटलं होतं तो दिवस आला." ती हसली. "असू द्या. येते चाची."

"आठवत नाही," सर म्हणाले. आठवत होतं. शेरा लिहिला तो बाकसुद्धा आठवत होता. स्वयंपाकघरात अकिलाबींचा लाटण्याचा आवाज थांबला होता, तो भूमिका गेल्यावरही बराच वेळ सुरू झाला नाही.

रविवारी अर्ज घेऊन आल्यासारखी माणसं फळ्यापुढे. "सर, लिखा ना, मन्ही सासू नमतं घी आनि माले दिवाळीले माहेर धाडी." "सर, आमचे प्राचार्य..." सरांनी सगळ्यांना हाकलून राजा परत आणला. राजा शिकारीला गेला. ते कोणी वाचलंसुद्धा नाही, पण आता फिकीर कोणाला होती?

सोमवारी सर नेहमीप्रमाणे पहाटे खडू घेऊन निघाले तर अकिलाबींनी अडवलं. "आज नवा फळा भेटी ऱ्हायना, जुनावर कसाले धूळ खातस? बसा. झब्बाले इस्तरी करस. दहाले राजासारखा जा." सरांना ते पटलं. अकिलाबी मग दूध आणायला म्हणून गेल्या आणि अर्ध्या तासाने आल्या.

पावणेदहाला सर कडक इस्त्रीच्या झब्ब्यात स्टँडवर पोचले आणि त्यांना बघताच टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, निर्मलाबाईंनी लवकर जाहीर केलं वाटतं. ते मान लववत पुढे आले. लोक बाजूला झाले आणि त्यांना आपलाच फळा दिसला. पांढऱ्या खडूने त्यावर लिहिलं होतं. शब्द शनिवारचाच, रिलेंट. अर्थ शनिवारचाच. इंग्रजी वाक्यात हेमराज जाऊन सलाउद्दीन आला होता, वाट जाऊन फळा आला होता. खाली मराठीत, 'अखेर सलाउद्दीन सरांनी नमतं घेतलं आणि शेडमधला फळा भूमिकाला दिला.'

सरांनी ते दोनदा वाचलं.

"वा सर! मोठं मन!" भिकनने त्यांचा हात दाबला. कर्णा खरखरलाच. "शहादा ते नंदुरबार गाडी सुटत आहे. सलाउद्दीन सरांनी स्वतःचा मान आपल्या विद्यार्थिनीला दिल्याबद्दल त्यांचं अभिनंदन. असा गुरू मिळायला भाग्य लागतं. दारात उभे राहू नका."

भूमिका धावत आली. डोळे भरलेले. "सर, खरंच?"

आता फक्त "वाक्य आहे, नुसता उपयोग" एवढंच म्हणायचं होतं. ते सरांच्या जिभेवर आलंही. समोर नव्या शेडची भिंत दिसत होती, त्यात तो हिरवागार फळा, वर दिवा. अकरा वर्षं उन्हात, धुळीत, शेळीसमोर उभं राहून मिळवलेला. तो माझा आहे, असं ओरडावंसं वाटलं. मग त्यांना गर्दीत हेमराज दिसला. शनिवारचाच हार, आता जरा सुकलेला, हातात घेऊन तो उभा होता आणि सरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. हा काय म्हणतो ते ऐकायला तो शनिवारपासून थांबल्यासारखा दिसत होता.

सरांनी घसा साफ केला. "हां," ते म्हणाले. "मीच लिहिलं. तुझ्या वहीवरही मीच लिहिलं होतं. आठवतंय मला."

भूमिका पाया पडली. हेमराजने हार सरांच्या गळ्यात घातला आणि कानाशी तोंड नेलं. "कसं वाटस, सल्या?"

"टोचस," सर म्हणाले. "पण वाईट नही वाटत रे."

"तेच ना! माले बी तेच समजत नही." मग दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की निर्मलाबाईंनी माइक बंद करून बाहेर डोकावून पाहिलं. दहाचा कटिंग पंधरा दिवसांनी पुन्हा दोघांत झाला.

घरी जाण्याआधी सर फळ्याजवळ गेले आणि चष्मा लावून अक्षर बघितलं. 'घेतलं'मधला 'घ' उजवीकडे झुकलेला, किराण्याच्या यादीत 'घासलेट' आणि 'घेवडा' लिहिताना झुकायचा तसाच. तो 'घ' ते एकोणचाळीस वर्षं वाचत आले होते. त्यांनी डस्टर घेतलं, आणि न पुसताच परत ठेवलं.

घरी अकिलाबींनी चहाचा कप पुढे केला. त्यांच्या बोटांच्या पेरांवर अजून पांढरं होतं. सकाळपासून जीव टांगणीला लागलेला, त्यामुळे त्या कपाकडे नाही, सरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"चायमा साखर शे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

सरांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

"शे ना," ते म्हणाले. "बरोब्बर शे."

साखर अजिबात नव्हती.